खळ आणि चिकटपट्टी

(नभोवाणीवरील भाषण)

इतिहास म्हटला कीं आपल्यापुढें किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आमच्या महाड-पोलादपूरकडच्या माणसापुढें तर ते अधिकच ठळकपणें उभे राहतात. कारण एका अंगाला रायगड, दुसऱ्या अंगाला प्रतापगड आणि मधून वाहणारी सावित्री, अशा भूमींत आम्ही लहानाचे मोठे झालों. परंतु आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, त्यांत एकही तलवार नाहीं. फाटलेला कागद आपल्या पूर्वजांनीं कशानें जोडला, आपण कशानें जोडला, आणि आपण जोडलेलें सोडवतांना आज किती कष्ट पडत आहेत, एवढाच माझा विषय आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्या कागदावर इतिहास लिहिलेला असतो तो कागदच नाहींसा झाला, तर मागें उरतात त्या केवळ आठवणी. आणि आठवणींवर कोणी सातबाराचा उतारा देत नाहीं, हें आपण सर्व जाणतां.

मी प्राथमिक शाळेंतला मास्तर. मॅट्रिकपर्यंत शिकलों, पोलादपूर तालुक्यांतील डोंगरांतल्या शाळांतून नोकरी केली, आणि आतां महाडास घरीं बसलों आहें. रसायनशास्त्राचा मी पंडित नव्हे. तरीही या विषयावर बोलण्याचा अधिकार मला एका कारणानें प्राप्त झाला आहे, असें मी समजतों. जी चूक मी आज आपणांस सांगणार आहें, ती मीं स्वतः, मोठ्या हौसेनें, तीस वर्षें केली.

प्रथम आपल्या जुन्या दफ्तराकडे वळूं. गिरणीचा कागद येण्यापूर्वीं आपल्याकडे कागद हातानें होत असे. जुन्नरचा कागद आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद यांची महाराष्ट्रांत मोठी ख्याति होती. चिंध्या, सुतळी, गोणपाट असला माल कुजवून, कुटून, धुवून त्याचा लगदा करावयाचा. तो जाळीवर घेऊन त्याचा ताव काढावयाचा. तावाला खळ पाजावयाची आणि मग गुळगुळीत दगडानें किंवा शिंपल्यानें तो घोटावयाचा. अशा घोटीव कागदावर बोरू चालला म्हणजे शाई फुटत नसे. तेव्हां खळ ही कागदाला मागाहून चिकटलेली परकी वस्तु नव्हे. ती जन्मापासूनच त्याच्या अंगांत होती.

मजकूर लांब असला कीं एका बंदाखालीं दुसरा बंद, त्याखालीं तिसरा, असे बंद खळीनें चिकटवीत जात आणि तयार झालेला पट्टा गुंडाळून ठेवीत. महजर, निवाडपत्रें, वाटणीपत्रें हीं अशा रीतीनें कित्येकदां पुरुषभर लांब भरतात. हा सांधा म्हणजे त्या काळच्या दफ्तरांतील एक नाजूक जागा होती. पुष्कळ महत्त्वाच्या कागदांवर पाठीमागच्या बाजूस नेमका सांध्यावर शिक्का उठवलेला आढळतो. मधला बंद काढून कोणीं दुसरा घुसडला, तर शिक्क्याचीं दोन अर्धुकें एकमेकांशीं जुळत नसत. खळीचा जोड सुटूं शकतो हें आपल्या पूर्वजांस पक्कें ठाऊक होतें. म्हणूनच त्यांनीं त्यावर पहारा बसवला.

देशावर खळ गव्हाची असे, तर आमच्या कोंकणांत भाताची. चुलीवरून उतरलेल्या भाताचीं चार शितें अंगठ्यानें चुरडलीं कीं पोराचा पतंग जोडला जाई आणि त्याच शितांनीं आजोबांचा कागदही जोडला जाई. पुस्तकें बांधणारा कारागीर आपल्या खळींत चिमूटभर मोरचूद टाकी, म्हणजे किडा लागत नसे. खळीचे दोष मी झांकून ठेवीत नाहीं. पीठ म्हटलें कीं कसर आली, झुरळ आलें, वाळवी आली आणि पावसाळ्यांत बुरशीही आली. परंतु तिचा एक गुण असा कीं, तिला पुरेसा ओलावा मिळाला म्हणजे ती सैल पडते. ज्यानें जोडलें त्याला तर राहोच, त्याच्या नातवालाही तो जोड कागदाचा तंतु न दुखवतां उकलतां येतो.

हा गुण किती मोलाचा, हें मराठ्यांच्या इतिहासाच्या संशोधकांनीं अनुभवलें. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव फिरून, लोकांच्या माळ्यांवरचीं आणि कोनाड्यांतलीं दफ्तरें उलगडून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापण्यास १८९८ सालीं प्रारंभ केला. त्या मालेचे बावीस खंड झाले. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. पुढें १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखालीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले. हे कागद शेंदीडशें, कित्येक तर अडीचशें वर्षांचे होते. रुमालांत बांधलेले, धुरानें काळवंडलेले, घडीवर तुटलेले. पण वाचतां येत होते. जेथें कोणीं ठिगळ लावलें होतें तेथें ते ठिगळ उचलून खालचें अक्षर पाहतां येत होतें.

आमच्या पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधि आहे. शिवछत्रपतींच्या हयातींत त्यांनीं ‘शिवभारत’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत आपल्याकडे नव्हे, तर दूर तंजावरास राहिली, आणि १९२७ सालीं स. म. दिवेकरांनीं ग्रंथ छापून प्रसिद्ध केला तेव्हां मराठी वाचकांस तो लाभला. उपलब्ध ग्रंथ बत्तिसाव्या अध्यायांत अपुराच थांबतो. कवीची समाधि आमच्या गांवीं, आणि कवीचें काव्य परगांवच्या कोणा दक्ष माणसानें जपलेल्या पानांवर! दगडापेक्षां कागद जपणें किती अवघड आणि किती अगत्याचें, हें मी या एका उदाहरणावरून शाळेंतल्या मुलांस सांगत असें.

सरकारी दफ्तरखान्यांची रीतही फार निराळी नव्हती. १८९१ सालीं कलकत्त्यास स्थापन झालेलें आणि पुढें दिल्लीस गेलेलें दफ्तरखानें, म्हणजे आजचें राष्ट्रीय अभिलेखागार. तेथें जीर्ण कागदाच्या दोन्ही अंगांस रेशमाची विरविरीत जाळी लावून तो सांवरण्याची पद्धत पुष्कळ वर्षें चालली. जाळी रेशमाची असो कीं पातळ जपानी कागदाची असो, चिकटविण्यास वस्तु मात्र पिठाची खळच.

आतां चित्रकथांकडे येतों. माझ्या पिढीच्या मुलांस वाचनाची गोडी लागली ती मोठमोठ्या ग्रंथांनीं नव्हे, चित्रांनीं लागली. मद्रासेहून निघणारा ‘चांदोबा’ मराठींत १९५२ सालीं आला. मुंबईहून १९६४ च्या मार्चमध्यें ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झालें आणि फँटम आणि मँड्रेक यांनीं घराघरांत प्रवेश केला. १९६७ पासून अनंत पै यांच्या संपादनाखालीं ‘अमर चित्र कथा’ निघूं लागल्या. १९७१ सालीं बालभारतीचें ‘किशोर’ आलें. महाडच्या एस. टी. स्थानकाजवळ हीं पुस्तकें दोरीवर टांगलेलीं असत. ज्या मुलाच्या गांवावरून उमरठची वाट जाते, जेथें तानाजी मालुसऱ्यांची समाधि आहे, त्या मुलाच्या हातांत तानाजीची रंगीत चित्रकथा पडावी, यापरता आनंद तो कोणता?

परंतु हीं पुस्तकें टिकण्यासाठीं छापलेलींच नव्हतीं. त्यांचा कागद लांकडाच्या लगद्याचा, स्वस्त. त्याच्या पोटांतच आम्ल असल्यामुळें तो उजेडानें पिवळा पडून ठिसूळ होणारा. पाठीला दोन लोखंडी पिना. कोंकणांतल्या दमट हवेंत त्या पिना गंजत, गंजानें मधलें पान तुटे, मग मुखपृष्ठ सुटे. जुन्नरी कागद अडीचशें वर्षें जगला. हीं पुस्तकें अडीच वर्षांत म्हातारीं होत.

नोकरीच्या पहिल्या वर्षींच मीं पगारांतून अशीं कांहीं पुस्तकें घेऊन शाळेंत एक पेटी ठेवली. पेटींत माझ्या आधींच्या वयोवृद्ध गुरुजींचींही कांहीं पुस्तकें होतीं. त्यांचीं फाटलेलीं पानें त्यांनीं भाताच्या खळीनें पतंगाचा पातळ कागद लावून सांधलेलीं होतीं. तीं ठिगळें ओबडधोबड दिसत, मुलें हंसत. मलाही त्यांत गांवंढळपणा वाटे. मीं महाडच्या बाजारांतून सेलोटेप आणला. काचेसारखी स्वच्छ पट्टी, बोटभर तोडली, दाबली, काम झालें! खालचें अक्षर दिसतें, वर चकाकी येते, वाळण्याची वाट पाहावी लागत नाहीं. वाडीवाडीवरून तास-तासभर चालत येणाऱ्या मुलांच्या हातीं मीं दुरुस्त केलेलीं पुस्तकें दिलीं, तेव्हां मला कृतार्थ वाटलें. त्याच उत्साहाच्या भरांत घरचें एक मोडी वाटणीपत्र घडीवर फाटलें होतें, त्यालाही मीं दोन्ही अंगांनीं पट्टी लावून टाकली, आणि वर बॉलपेनानें तारीख घातली.

ही पट्टी आली कोठून? अमेरिकेंत मिनेसोटा येथील एका कारखान्यांत रिचर्ड ड्रू नांवाचा तरुण नोकरीस होता. मोटारी रंगविणाऱ्या कारागिरांस दोन रंगांच्या मधली रेघ सरळ यावी म्हणून त्यानें १९२५ सालीं कागदी चिकटपट्टी काढली. पुढें सेलोफेन नांवाचा पारदर्शक पापुद्रा त्याच्या हातीं आला, आणि १९३० सालीं त्यानें त्यावर रबर आणि राळ यांचें मिश्रण पसरून आजच्या चिकटपट्टीला जन्म दिला. तो महामंदीचा काळ होता. नवें घेण्यास पैसा नव्हता, जुनें जोडून वापरण्याची निकड होती. पट्टीचा खप वाढला. १९३७ सालीं इंग्लंडांत अशीच पट्टी ‘सेलोटेप’ नांवानें निघाली, आणि तोच शब्द आपल्या बाजारांत रूढ झाला. ज्यानें ती काढली त्याचा यांत कांहीं दोष नाहीं. ती पार्सलासाठीं, पिशवीसाठीं, दोन दिवसांच्या कामासाठीं होती. दोनशें वर्षांच्या कागदावर ती लावा, असें त्यानें कोणास सांगितलें नव्हतें.

खळ आणि पट्टी यांच्यांत मूळ भेद काय, तोही सांगतों. खळ वाळली कीं तिचें काम संपलें. ती कागदाच्या तंतूंमध्यें निपचित पडून राहते. रबराचा चीक मात्र वाळत नाहीं, म्हणून तर तो नुसत्या दाबानें चिकटतो. परंतु हवेंतला प्राणवायु त्याच्यावर वर्षानुवर्षें काम करीत असतो. त्याच्या तीन अवस्था होतात. पहिल्या अवस्थेंत तो नुसता चिकट असतो. या वेळीं पट्टी बहुधा सुखरूप निघते. दुसऱ्या अवस्थेंत तो पिवळा आणि तेलकट होऊन कागदांत झिरपतो. तेथला कागद तूप सांडल्यासारखा अर्धपारदर्शक दिसूं लागतो. तिसऱ्या अवस्थेंत तो कडक, तपकिरी, काचेसारखा होतो; वरचा पापुद्रा आपोआप गळून पडतो, आणि मागें राहतो तो डाग. पुष्कळ लोकांस वाटतें कीं पट्टी गळली म्हणजे पीडा टळली. वस्तुतः त्या वेळीं ती कागदाच्या अंगांत कायमची वस्तीस गेलेली असते.

ही चूक केवळ माझ्यासारख्या खेड्यांतल्या मास्तरानें केली असें नाहीं. मृत समुद्राच्या कांठीं कुमरानच्या गुहांत १९४७ पासून पुढें जे प्राचीन ज्यू धर्मग्रंथ सांपडले, त्यांतील कित्येक दोन हजार वर्षांचे होते. त्यांचे हजारों तुकडे १९५० नंतरच्या दशकांत जेरुसलेमच्या संग्रहालयांत मोठमोठ्या विद्वानांनीं टेबलावर मांडले, जुळवले, आणि जुळले तसे चिकटपट्टीनें जोडले! गुहेच्या अंधारांत दोन सहस्र वर्षें जें टिकलें, तें दोन-चार दशकांच्या चिकानें काळें पडूं लागलें. १९९१ सालीं तेथील पुराणवस्तु खात्यानें खास प्रयोगशाळा उघडली. त्या पट्ट्या काढण्याचें काम पिढीभर चाललें. लावणारा हात क्षणांत मोकळा झाला. काढणाऱ्या हातांनीं त्याची किंमत वर्षानुवर्षें मोजली.

आतां मी २०२१ सालावर येतों. पुराची महाडला नवलाई नाहीं. २००५ सालच्या जुलैंतही आमच्या तालुक्यांत दासगांव, जुई या गांवांवर दरडी कोसळल्या होत्या. पण २२ जुलै २०२१ ची रात्र आम्ही जन्मांत विसरणार नाहीं. महाबळेश्वरच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि सावित्री शहरांत शिरली. त्याच सायंकाळीं तळिये येथें डोंगर खचून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांतही दरडींनीं बळी घेतले. अशा वेळीं भिजलेल्या पुस्तकांचें दुःख कोणापुढें बोलावें? मीं तें कोणापाशीं बोललों नाहीं. पाणी ओसरल्यावर आधीं शेजाऱ्यांचा चिखल काढला, मग स्वतःचा.

निवृत्त होतांना शाळेनें मोडींत काढलेली ती जुनी पेटी मीं घरीं आणून ठेवली होती. पांचव्या दिवशीं ती उघडली. गुरुजींनीं खळीनें सांधलेलीं सगळीं पुस्तकें सुटलेलीं! ठिगळें एकीकडे, पानें एकीकडे. माझ्या पट्ट्यांपैकीं बऱ्याच मात्र जागच्या जागीं. त्या चिखलांतही मला क्षणभर अभिमान वाटला, हें मी कबूल करतों. मला वाटलें, खळ हरली आणि पट्टी जिंकली.

पानें सांवलींत वाळत घातलीं तेव्हां खरा निकाल लागला. गुरुजींचीं पानें सुटलीं होतीं, पण सुटतांना त्यांनीं एक अक्षरही गमावलें नव्हतें. फाटलेल्या कडा होत्या तशा शाबूत होत्या. पुन्हां खळ लावा, पुन्हां जुळवा. माझ्या पानांची गोष्ट निराळी. पाण्यानें कागद फुगला, पट्टीखालचा भाग फुगला नाहीं. त्या ओढाताणींत पट्टीच्या कडेला कागद नवा फाटला. जेथें पापुद्रा निघाला होता तेथला चीक समोरच्या पानाला डसला आणि दोन पानें एक झालीं. शिवाजी महाराजांची एक चित्रकथा त्यांत होती. प्रताप मुळीक यांच्या कुंचल्याची. तिची पट्टी मीं चिमटींत धरून ओढली. पट्टी आली, आणि तिच्यासंगें कागदाचा वरचा थर आला. महाराजांच्या मुखाच्या जागीं पांढरी खरवड उरली. चित्र पट्टीच्या पाठीवर उलटें चिकटून माझ्या हातांत होतें.

मग मीं वाटणीपत्र पाहिलें. त्यावरही मागें एकदां मीं पट्टी उचलून पाहण्याचा उद्योग केला होता. आतां कळलें कीं त्या खटपटींत एका खाचराचें नांवच उडून गेलें आहे. हद्दी आहेत, साक्षीदार आहेत, खाचर कोणतें तें नाहीं. ज्या आजोबांच्या आजोबांनीं तो कागद पुढच्यांसाठीं करून ठेवला, त्यांना मीं काय उत्तर द्यावें?

तीं पानें घेऊन मी पुण्यास जुन्या कागदांची दुरुस्ती जाणणाऱ्या एका बाईंकडे गेलों. त्यांनीं भिंग लावून बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, “गुरुजी, हें कोणीं चिकटवलें?”

“मींच,” मीं म्हटलें.

“मग बरें झालें,” त्या म्हणाल्या, “कधीं आणि कोणती पट्टी लावली तें तरी सांगाल. बहुतेक जण म्हणतात, आमच्या वडिलांनीं लावली.”

त्यांनीं पुढें जें केलें तें मी जवळ बसून पाहिलें. प्रथम पट्टी कोणत्या अवस्थेंत आहे हें ठरवलें. मग लहानशा बोथट पात्याला मंद ऊब देऊन तें पट्टीच्या कडेखालीं सारलें, आणि पापुद्रा वर न ओढतां, कागदाशीं जवळजवळ आडवा ठेवून, रेसारेसानें मागें वळवीत नेला. बोटभर पट्टीला अर्धा तास लागला. मागें राहिलेला मऊ चीक त्यांनीं कच्च्या रबराच्या तुकड्यानें, जसलें जोड्यांच्या तळव्यांना असतें तसल्या, हलकेंच गोळा केला. कागदांत मुरलेल्या चिकासाठीं द्रावक वापरावें लागलें; पण त्याआधीं पानाच्या एका कोपऱ्यांत, सुईच्या टोंकाएवढा थेंब टाकून छपाईची शाई उतरते कीं काय, तें पाहिलें. द्रावक लावलें तें पानाखालीं टीपकागद ठेवून, म्हणजे सुटलेला चीक पसरण्याऐवजीं खालीं शोषला जावा. हीं द्रावकें पेट घेणारीं असतात, त्यांची वाफ विषारी असते. त्यांच्या खोलींत हवा बाहेर खेंचणारें यंत्र चालू होतें. तपकिरी झालेला डाग मात्र त्यांनीं तसाच राहूं दिला. “हा घालवण्यास कागद कमजोर करावा लागेल,” त्या म्हणाल्या, “डाग परवडला.”

वाटणीपत्रावर एक नवल दिसलें. मूळ मजकूर काजळाच्या शाईचा. पुरानें तो कांहींसा फिका झाला होता, पण द्रावकानें हलला नाहीं. मीं बॉलपेनानें घातलेली तारीख तेवढी निळा ओघळ होऊन टीपकागदांत उतरली. शेवटीं फाटलेल्या जागीं पातळ जपानी कागदाची पट्टी लावली. कशानें? गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनें. माझ्या मनांत आमच्या वयोवृद्ध गुरुजींचा पतंगाचा कागद आला, आणि मी मान खालीं घातली.

शास्त्र पुढें जात आहे, हेंही सांगितलें पाहिजे. इटालींतील फ्लोरेन्स शहरांत ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नो नदीचा पूर येऊन तेथील राष्ट्रीय ग्रंथालयांतील अमोल ग्रंथ चिखलांत बुडाले. देशोदेशींचे तरुण तेथें धांवले आणि त्यांनीं हातोहात पुस्तकें वर काढलीं. कागद वांचविण्याची आजची विद्या पुष्कळ अंशीं त्या चिखलांतून वर आली. त्याच फ्लोरेन्समधील शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं अशी एक पद्धत प्रसिद्ध केली कीं, द्रावकाचे सूक्ष्म कण मऊ, ओलसर वडीसारख्या पदार्थांत कोंडून ती वडी पट्टीवर ठेवावयाची; द्रावक हवें तेवढेंच बाहेर येतें आणि कागद भिजून जात नाहीं. सोळाव्या शतकांतील एका चित्रावरची जुनी पट्टी त्यांनीं या रीतीनें काढली, तेव्हां खालीं तें चित्र मायकेलअँजेलोच्या हातचें असल्याचें सांगणारा लेख निघाला. पट्टीनें काय झांकलें जातें, याचें यापेक्षां बोलकें उदाहरण कोणतें?

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अशी एखादी पेटी असेल. तिच्यांत मोडी कागद असेल, शाळा सोडल्याचा दाखला असेल, मुलानें जपलेली चित्रकथा असेल. त्यांवर पट्टी असेल तर तिला ओढूं नका. इस्त्री फिरवूं नका. घासलेट चोळूं नका. चीक निघाला तरी तेलाचा डाग राहतो. पट्टी लावलेलें पान वेगळें, कोऱ्या कागदांत, सांवलींत, कोरड्या जागीं ठेवा आणि जाणत्या माणसास दाखवा. तोंवर मजकुराचें छायाचित्र काढून ठेवा. पुरानें भिजलेला कागद उन्हांत टाकूं नका. टीपकागदांत किंवा कोऱ्या कागदांत ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. चिकटलेलीं पानें ओढून सोडवूं नका. आणि ज्याची किंमत दोन दिवसांपेक्षां अधिक आहे, अशा कोणत्याही कागदावर नवी पट्टी लावूं नका, मग ती कितीही स्वच्छ दिसो. १९६१ पासून दुसऱ्या जातीच्या चिकाच्या, पिवळ्या न पडणाऱ्या पट्ट्या निघाल्या आहेत हें खरें; पण पिवळें न पडणें निराळें आणि सुखरूप निघणें निराळें.

पूर ओसरल्यानंतरच्या त्या महिन्यांत आमच्या आळींतले लोक फाटके दाखले, शिधापत्रिका, जुनीं खरेदीखतें घेऊन माझ्याकडे येत असत. मास्तर, जरा चिकटवून द्या, म्हणत. पूर्वीं मीं पांच मिनिटांत चिकटवून दिलें असतें. आतां मी त्यांना बसवून घेऊं लागलों. भाताची पेज गाळून खळ केली, पातळ कागद कापला, आणि वाळेपर्यंत त्यांच्याशीं बोलत बसलों. कोणी म्हणालें, “मास्तर, हें ओलें झालें तर पुन्हां सुटेल कीं!” मीं म्हटलें, “सुटेल. आणि तेव्हां तुमचा नातू पुन्हां लावील.”

गुरुजींचीं सुटलेलीं पुस्तकें मीं एकेक करून पुन्हां सांधलीं. त्यांच्याच जुन्या फाटींवरून माझीं नवीं ठिगळें गेलीं आहेत, आणि तीं ओबडधोबडच दिसतात. महाराजांच्या मुखाची ती पांढरी जागा मात्र तशीच ठेवली आहे. तेथें रंग भरण्याचा मोह मीं आवरला. चिकटपट्टीचें रीळ अजून माझ्या टेबलाच्या खणांत आहे. पार्सलें बांधण्यास तें उत्तम आहे.